सुट्टीत स्कुबाचा कोर्स करायचाय, पण धाकधूक वाटतेय? मग अशी तयारी करा

सुट्टीत स्कुबा डायव्हिंग शिकायचं ठरवलेल्या कित्येकांचं असंच होतं. बुकिंग करताना उत्साह ओसंडत असतो आणि निघायचा दिवस जवळ आला की पोटात गोळा यायला लागतो. पाण्याखाली श्वास अडकला तर? कानाला काही झालं तर? बाकीच्यांना सगळं पटापट जमलं आणि आपल्याला नाही जमलं तर? हे प्रश्न पडणं अगदी साहजिक आहे. नाकातोंडात पाणी जाण्याची भीती स्वाभाविक असते आणि ती असावीच.

ही भीती सुट्टीत जास्त टोचते, कारण तिथे वेळ मोजका असतो. कोर्स तीन-चार दिवसांचा, पैसे भरून झालेले, परतीचं तिकीट हातात आणि सोबतचे लोक वाट बघत उभे. एखादी गोष्ट पहिल्या फटक्यात जमली नाही की मन लगेच हिशेब करू लागतं आणि घबराट दुप्पट होते. त्यामुळे खालच्या सगळ्या सूचनांचा रोख एकच आहे: कोर्समधली घाई जितकी काढता येईल तितकी काढून टाकायची. धीट होण्यासाठी वेगळे प्रयत्न करावे लागत नाहीत. पुरेसा वेळ मिळाला की पाण्याखालच्या गोष्टी शरीर आपोआप शिकतं.

कोर्समध्ये नेमकं काय असतं

पॅडी, एसएसआय यांसारख्या डायव्हिंगचं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांचा सुरुवातीचा कोर्स म्हणजे ‘ओपन वॉटर डायव्हर’. त्याचे तीन भाग असतात. पहिला थिअरीचा, जो हल्ली बहुतेक जण ऑनलाइन करतात. दुसरा पोहण्याच्या तलावात किंवा शांत, उथळ पाण्यात करायच्या सरावाचा. तिसरा खुल्या पाण्यातल्या चार डायव्हचा, आणि या चार डायव्ह निदान दोन दिवसांत विभागलेल्या असतात. कोर्स पूर्ण झाला की बडीसोबत, म्हणजे डायव्हमधल्या जोडीदारासोबत, 18 मीटरपर्यंत डायव्ह करायची पात्रता मिळते.

पोहण्याच्या चाचणीला लोक उगाच घाबरतात. पॅडीच्या नियमांप्रमाणे 200 मीटर न थांबता पोहायचं असतं, तेही कुठल्याही पद्धतीने आणि वेळेचं बंधन नसताना. त्याऐवजी मास्क, स्नॉर्कल (तोंडात धरायची श्वासाची नळी) आणि फिन (पायांत घालायचे पंख) लावून 300 मीटर पोहण्याची मुभा असते. शिवाय दहा मिनिटं पाण्यावर तरंगून दाखवायचं. इथे कुणी वेग मोजत नाही. पाण्यात दम लागला तरी गोंधळून न जाता आपण तरंगत राहू शकतो, एवढंच त्यांना बघायचं असतं.

थेट कोर्सला नाव घालायचं धाडस होत नसेल तर आधी एक ट्रायल डायव्ह करून बघा. त्यात प्रमाणपत्र मिळत नाही, खोलीची मर्यादा 12 मीटर असते आणि इन्स्ट्रक्टर सतत हाताशी असतो. मात्र ट्रायलवरून शेवटचा निष्कर्ष काढू नका. तिथे तयारीला फार कमी वेळ मिळतो, त्यामुळे काही जणांना ट्रायल कोर्सपेक्षाही अवघड जाते. ट्रायलमध्ये बिचकलेला माणूस कोर्समध्ये निवांत रुळला, असं अनेकदा घडतं.

घरून निघण्याआधी

थिअरी घरीच संपवा. सुट्टीतल्या संध्याकाळी खोलीत बसून प्रश्नोत्तरं सोडवण्यात काहीच मजा नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दाब, हवा आणि कान यांचं गणित आधीच समजलेलं असलं की पाण्यात जे होतं त्याचं कोडं पडत नाही. घराजवळ तलावात शिकवणारं डायव्ह सेंटर असेल तर थिअरी आणि तलावातला सराव दोन्ही तिथे करून, फक्त खुल्या पाण्यातल्या चार डायव्ह सुट्टीच्या ठिकाणी करता येतात. याला ‘रेफरल’ म्हणतात. घाबरणाऱ्या माणसासाठी याच्याइतकी चांगली सोय नाही, असं मला मनापासून वाटतं. नवखेपणाचा सगळा भाग ओळखीच्या पाण्यात, आठवड्याआठवड्याच्या अंतराने उरकतो. रेफरलची कागदपत्रं ठरावीक मुदतीपुरतीच चालतात. पॅडीत ही मुदत 12 महिन्यांची असते.

दुसरं काम वैद्यकीय फॉर्मचं. प्रत्येक कोर्सआधी तब्येतीची प्रश्नावली भरावी लागते. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाची किंवा छातीची शस्त्रक्रिया, नियमित औषधं असे प्रश्न त्यात असतात. एखाद्या मुद्द्यावर उत्तर ‘हो’ येऊन पुढची तपासणी लागली, तर डॉक्टरांची लेखी परवानगी असल्याशिवाय पाण्यात उतरता येत नाही. ही गोष्ट अनेकांना थेट डायव्ह सेंटरच्या काउंटरवर कळते, आणि सुट्टी वाया जाईल या भीतीने लोक सरसकट ‘नाही’वर खुणा करून मोकळे होतात. असं कधीही करू नका. फॉर्म काही आठवडे आधी मागवून घ्या, वाचा आणि गरज असेल तर डॉक्टरांकडे जाऊन या. त्या फॉर्मवर पॅनिक अटॅकबद्दलही विचारलेलं असतं. साधी धाकधूक वेगळी आणि आधी येऊन गेलेले पॅनिक अटॅक वेगळे. दुसऱ्या प्रकारात डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नये. गरोदरपणात तर डायव्हिंग करायचंच नसतं.

तिसरी गोष्ट सरावाची, आणि यासाठी फक्त एक स्नॉर्कल लागतं. कमरेइतक्या पाण्यात, सोबत कुणीतरी असताना, मास्क न लावता स्नॉर्कल तोंडात धरा आणि चेहरा पाण्यात घाला. श्वास तोंडाने आत घ्या, तोंडाने किंवा नाकाने बाहेर सोडा. पहिल्या काही श्वासांना घसा आपोआप आवळला जातो आणि डोकं झटकन वर येतं. येऊ द्या. पुन्हा चेहरा पाण्यात घाला. थोड्या वेळाने नाकाला पाणी लागत असतानाही तोंडाने श्वास चालू ठेवता येतो, हे शरीराला पटतं. कोर्समधला सगळ्यात धास्तीचा भाग मास्कचा असतो आणि त्याची निम्मी तयारी इथेच होऊन जाते.

डायव्ह सेंटर कसं निवडाल

फोटो आणि सवलती बघण्याआधी काही प्रश्न विचारा. एका इन्स्ट्रक्टरमागे किती विद्यार्थी असतील? कोर्सभर तोच इन्स्ट्रक्टर राहील का? पहिला सराव कुठे होतो, उभं राहता येईल अशा पाण्यात का? एखाद्या कौशल्याला जास्त वेळ लागला तर काय करता? शिकवणारा तुम्हाला नीट समजणाऱ्या भाषेत बोलतो का? पॅडीच्या नियमांनुसार खुल्या पाण्यात एका इन्स्ट्रक्टरसोबत जास्तीत जास्त आठ विद्यार्थी चालतात, पण भीती वाटणाऱ्याने आठांच्या गटात जाऊ नये. दोघा-तिघांचा गट शोधा किंवा परवडत असेल तर एकट्यासाठी इन्स्ट्रक्टर घ्या.

मग सरळ सांगा, ‘मला भीती वाटते.’ यात संकोच कसला? उलट या एका वाक्यावर समोरचा काय बोलतो, त्यावरून सेंटरची पारख होते. ‘काही नाही हो, सगळ्यांना जमतं’ असं म्हणून विषय उडवून लावणारा माणूस पाण्याखालीही तुमचं ऐकणार नाही. ‘नेमकी कशाची भीती वाटते?’ असं विचारणारा मिळाला तर तिथेच नाव नोंदवा.

दिवसांची आखणी

पोहोचल्या पोहोचल्या कोर्स सुरू करू नका. प्रवासाचा शीण आणि अपुरी झोप यांनी साधी गोष्टही अवघड वाटते. शेवटची डायव्ह आणि परतीचं विमान यात पुरेसं अंतर ठेवा. अनेक दिवस सलग डायव्ह केल्यावर निदान 18 तास विमानात बसू नये, असा सर्वसाधारण दंडक आहे, कारण शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. शेवटचा अख्खा दिवस कोरडा ठेवला की हा प्रश्नच उरत नाही. शिवाय कोर्स तीन दिवसांचा असेल तर चार-पाच दिवस हाताशी ठेवा. तो जास्तीचा दिवस वापरावा लागला नाही तरी उत्तम. तो आहे या जाणिवेनेच मन पुष्कळ शांत राहतं.

सर्दी झाली असेल तर डायव्ह पुढे ढकला. बंद नाकाने कान मोकळे होत नाहीत आणि सर्दीच्या औषधाचा असर पाण्याखालीच ओसरला तर वर येताना त्रास होतो. बोट लागत असेल तर गोळी डॉक्टरांना विचारून आणि निघण्याआधी घ्या, मळमळ सुरू झाल्यावर नाही. आदल्या रात्री दारू नको.

आणखी एक नाजूक बाब. जोडीदाराच्या किंवा मित्रांच्या हट्टापायी कोर्स करत असाल तर थांबून विचार करा. स्वतःला शिकायचंय म्हणून उतरलेला माणूस भीती सोसतो. दुसऱ्यासाठी उतरलेल्याला प्रत्येक अडचण अन्यायासारखी वाटते. सोबतचा माणूस आधीच डायव्हर असेल तर त्याला प्रेमाने सांगा की पहिल्या दिवशी शिकवायचं काम इन्स्ट्रक्टरलाच करू दे.

पहिला श्वास

सामान चढवताना दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. वेटसूट छातीला किंवा गळ्याला आवळत असेल तर तिथेच बदलून मागा. घट्ट सुटात श्वास अपुरा पडतो आणि आपल्याला वाटतं की घाबरल्यामुळे होतंय. मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत ओढा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर माप बरोबर आहे. चष्मा असेल तर नंबरच्या काचांचा मास्क मिळतो का, ते आधीच विचारून ठेवा. समोरचं धूसर दिसलं की मन विनाकारण बिथरतं.

रेग्युलेटर म्हणजे टाकीतली हवा तोंडाशी पोहोचवणारं उपकरण. त्यावर विश्वास बसायला त्याचं काम कसं चालतं हे माहीत असणं बरं. जाक-इव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी 1943 मध्ये ‘अ‍ॅक्वालंग’ तयार केलं, तेव्हापासून तत्त्व तेच आहे: श्वास ओढला की झडप उघडते आणि भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा मिळते. त्यामुळे खोलवरही हवा जोर लावून ओढावी लागत नाही. झडपेची रचनाही अशी असते की बिघाड झाला तर हवा सहसा बंद न पडता वाहत राहते. प्रत्येक डायव्हरकडे दुसरा जादा रेग्युलेटर असतोच. रेग्युलेटर तोंडात असताना खोकता येतं, अगदी उलटी झाली तरी त्यातून निघून जाते. ही गोष्ट ऐकायला विचित्र वाटेल, पण बोट लागणाऱ्यांना तिचा मोठा आधार वाटतो.

आता श्वास. घाबरलं की आपण भराभर आणि वरवर श्वास घेतो. अशा श्वासात जुनी हवा नीट बाहेर जात नाही, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि श्वास घेण्याची ओढ मुख्यतः त्यानेच निर्माण होते. म्हणजे टाकीत हवा भरपूर असूनही गुदमरल्यासारखं होतं. अशा वेळी आणखी हवा ओढून उपयोग नाही. लांब, सावकाश उच्छ्वास सोडायचा, बुडबुड्यांचा आवाज संपेपर्यंत. पुढचा श्वास आपोआप खोल येतो. पाण्याखाली कुठलीही अडचण आली की पहिलं काम हेच.

उच्छ्वासाचा आणखी एक गुण. नवख्यांना अनेकदा खाली जाताच येत नाही आणि ते खाली जाण्यासाठी कमरेला लावायची वजनं वाढवून मागतात. खरं तर घाबरल्यामुळे छाती सतत भरलेली असते आणि तीच तरंगवते. जास्तीची वजनं लावली तर पुढे तोल सांभाळताना दमछाक होते. आधी पूर्ण श्वास सोडून बघा.

मास्कमध्ये पाणी घेणं

सगळ्यात जास्त माणसं इथे अडतात, म्हणून हे सविस्तर सांगते. उथळ पाण्यात गुडघ्यांवर बसलेले असताना मास्कमध्ये थोडं पाणी घ्यायचं आणि ते नाकाने हवा सोडून बाहेर काढायचं, असा हा सराव. पुढे मास्क पूर्ण भरायचा, त्याहीपुढे काढून परत लावायचा.

आधी तीन-चार श्वास शांतपणे घ्या, फक्त तोंडाने. मग मास्कची वरची कड दोन बोटांनी किंचित उचला आणि पाणी डोळ्यांच्या खालपर्यंतच येऊ द्या. या वेळी मान वर करू नका. मान वर असली तर पाणी सरळ नाकात उतरतं आणि तिथूनच गडबड सुरू होते. नजर समोर किंवा जराशी खाली ठेवा. पाणी नाकाला लागलं की अंग शहारतं, त्याकडे दुर्लक्ष करून तोंडाने एक श्वास आत, एक बाहेर, परत आत. घाई नाही. मग मास्कची वरची कड तळव्याने कपाळावर दाबून धरा, नाकाने हवा सोडायला लागा आणि सोडता सोडता मान वर करा. हवा वर साठते आणि पाणी खालच्या कडेने बाहेर ढकललं जातं. आरशावर नाकाने वाफ धरतो तितका हलका, पण लांब उच्छ्वास पुरतो. जोरात फुंकर मारली तर हवा कडांतून निसटते आणि पाणी तसंच राहतं. एका उच्छ्वासात निघालं नाही तर दुसरा श्वास घ्या आणि पुन्हा करा. किती श्वास लागले हे कुणी मोजत नाही.

इन्स्ट्रक्टरला सांगा की मला आधी पाव मास्क, मग अर्धा, मग पूर्ण असं करायचंय. दोनदा-तीनदा जमलं की ‘झालं’ म्हणून पुढे जाऊ नका. कंटाळा येईपर्यंत करा. ज्याचा कंटाळा आला त्याची भीती उरत नाही, आणि मास्कच्या बाबतीत तो कंटाळा फार मोलाचा असतो.

खाली जाताना कान

पृष्ठभागावर 1 बार दाब असतो, 10 मीटरवर तो 2 बार होतो, म्हणजे दुप्पट. 20 मीटरवर 3 बार, म्हणजे 10 मीटरवरच्या दीडपट. याचा अर्थ प्रमाणात बघितलं तर दाबातला सगळ्यात मोठा बदल पहिल्या दहा मीटरांतच असतो आणि कानांची कसोटीही तिथेच लागते. तो टप्पा पार झाला की पुढे सोपं जातं.

खाली जाताना दोराला धरून, पाय खाली ठेवून जाऊ द्या, अशी मागणी करा. दोर हातात असला की वेग आपल्या ताब्यात राहतो. डोकं पाण्याखाली जायच्या आधीच एकदा नाक चिमटीत धरून हळूच हवा दाबा, कानात बारीक टक् झालं पाहिजे. मग दर अर्ध्या-एक मीटरवर तेच. दुखायची वाट बघायची नाही. दुखायला लागलं म्हणजे उशीर झाला. अशा वेळी थांबा, कानाकडे बोट दाखवा, जरा वर या, पुन्हा प्रयत्न करा. जोर लावून हवा कधीही दाबू नका, त्याने कानाला इजा होते. बाकीचे खाली पोहोचले असतील तर वाट बघतील. कान मोकळे नसताना कुणाला गाठायला खाली जाणं ही या खेळातली सगळ्यात निरर्थक घाई आहे.

घबराट आलीच तर

येऊ शकते. ती आल्यावर काय करायचं याचा क्रम आधीच मनात पक्का हवा: थांबा, श्वास सोडा, विचार करा, मग हालचाल. हातपाय मारणं बंद करा. दोर, तळ किंवा इन्स्ट्रक्टरचा हात, जे जवळ असेल ते धरा. पंजा आडवा धरून डावी-उजवीकडे कलता करत हलवा. या खुणेचा अर्थ ‘काहीतरी बिनसलंय’ असा होतो. इन्स्ट्रक्टरच्या डोळ्यांत बघा आणि त्याच्या बुडबुड्यांच्या लयीत श्वास सोडा. वर जायचं असेल तर अंगठा वर करा. पाण्याखाली वर केलेला अंगठा ‘छान’ असं सांगत नाही, ‘वर चला’ असं सांगतो. ही खूण केल्यावर कुणीही कारण विचारायचं नाही आणि वाद घालायचा नाही, असा डायव्हरांमधला अलिखित नियम आहे. कुठलीही डायव्ह, कुणीही, कधीही थांबवू शकतं.

एकच गोष्ट अजिबात करायची नाही: श्वास रोखून वर सुसाट पळायचं नाही. वर जाताना दाब कमी होतो आणि फुप्फुसातली हवा फुगते. ती अडकली तर फुप्फुसाला गंभीर इजा होते. म्हणून श्वास कायम चालू ठेवायचा, आणि रेग्युलेटर तोंडातून निघाला असेल तर ‘आऽऽ’ म्हणत बारीक बुडबुडे सोडत राहायचं.

वर आल्यावरचंही लक्षात ठेवा. पुष्कळांची घाबरगुंडी पाण्याच्या पृष्ठभागावरच उडते, लाटा तोंडावर येत असताना. पहिल्यांदा बीसीडीत (हवा भरता येणाऱ्या जाकिटात) हवा भरा म्हणजे तरंगता येईल. मास्क आणि रेग्युलेटर जागेवरच असू द्या. ते ओरबाडून काढावंसं वाटणं ही घबराटीची पहिली खूण, आणि त्याच वेळी त्यांची गरज सगळ्यात जास्त असते.

कोर्स अर्धवट राहिला तर

राहू द्या. पूर्ण झालेल्या भागाची नोंद इन्स्ट्रक्टरकडून लेखी घ्या. उरलेल्या डायव्ह पुढच्या सुट्टीत, दुसऱ्या ठिकाणीही करता येतात. दरम्यान पॅडीत ‘स्कुबा डायव्हर’ नावाची एक आधीची पायरीही असते. त्यात खुल्या पाण्यातल्या दोनच डायव्ह लागतात आणि मग व्यावसायिक डायव्हरच्या सोबतीने 12 मीटरपर्यंत जाता येतं. पुष्कळांना एवढंच पुरतं.

कोर्स पूर्ण झाला तर कार्ड मिळाल्यावर लगेच 18 मीटर गाठायची गरज नाही. त्याच सुट्टीत वेळ उरला असेल तर शांत पाण्यात, आठ-दहा मीटरवर, गाईडसोबत एक-दोन निवांत डायव्ह करा. यात कुठलाच सराव नसतो, कुणी परीक्षा घेत नाही. प्रत्येक डायव्हनंतर लॉगबुकात खोली आणि वेळ यांच्या जोडीला किती वजन लावलं, सूट कोणता होता, कान कुठे अडले, कशाने बरं वाटलं हेही लिहून ठेवा. पुढच्या वेळी नव्या सेंटरवर तेच पान पुढे करा. मध्ये बरेच महिने गेले असतील तर आधी उथळ पाण्यात रिफ्रेशर, म्हणजे उजळणीचा सराव, मागून घ्या आणि त्यात पहिल्यांदा मास्कचा सराव करा.